जू, मूठ आणि कर्ब

सायकलीचा जो भाग आपण हातात धरतो त्याला मराठीत हँडल म्हणतात, आणि त्याला दुसरा शब्द नाही. मूठ म्हणावे तर ती तलवारीची, दांडा म्हणावे तर तो कुऱ्हाडीचा, खुंटा म्हणावे तर तो जात्याचा. सायकलीलाच एके काळी पायगाडी म्हणून पाहिले गेले. पायगाडी गेली आणि सायकल राहिली. हँडलच्या वाट्याला तेवढेही कौतुक आले नाही. ज्या वस्तूला आपल्या भाषेने नाव दिले नाही तिच्याविषयी आपण फारसा विचार करीत नाही, असे विधान वर्गात आम्ही अनेकदा केले आहे. गेले काही महिने मात्र आम्ही या बेनाव वस्तूचाच विचार करीत होतो, आणि तो करता करता अशा काही ठिकाणी जाऊन पोहोचलो, की ज्यांचा सायकलीशी संबंध असेल असे प्रारंभी वाटले नव्हते.

'आम्ही' म्हणजे येथे संपादकीय आम्ही नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. गडचिरोलीत एकाच महाविद्यालयात शिकवतो. एक मराठी, दुसरा भूगोल. रविवारी उन्हे वर आली की सायकली काढायच्या आणि धानाच्या बांध्यांमधून, नाल्यांवरच्या रपट्यांवरून, सागाच्या आणि बांबूच्या रानालगतच्या सार्वजनिक रस्त्यांवरून तीस-चाळीस किलोमीटर जाऊन यायचे, हा आमचा क्रम. अंधारात जात नाही. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सायकल चालविण्यास परवानगी नाही आणि ती असावी असे आम्हांस वाटतही नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला पोटासाठी रानात शिरणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात, त्या मुलुखात आपण हौसेखातर फिरतो, याचे भान सुटू नये एवढी खबरदारी आम्ही घेतो.

सायकली अलीकडच्या, ज्यांना ग्रॅव्हल सायकल म्हणतात त्या जातीच्या. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारख्या, मेंढ्याच्या शिंगांगत खाली वळलेल्या हँडलच्या. पण टायर जाड आणि बांधा कच्च्या रस्त्याला सोसेल असा. हे वाहन अमेरिकेच्या मध्यभागातील अंतहीन कच्च्या रस्त्यांवर वाढले. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या गावाभोवतीच्या टेकड्यांत २००६ पासून तीनशेहून अधिक किलोमीटरची शर्यत भरते, आणि या सायकलीच्या लोकप्रियतेत त्या शर्यतीचा वाटा मोठा आहे. 'ग्रॅव्हल' या एका शब्दात इंग्रजीने जे कोंबले आहे त्याला आमच्याकडे निदान चार शब्द आहेत: मुरूम, गिट्टी, चुरी आणि रेती. हे चारही शब्द हाताला वेगवेगळे कळतात. मुरूम ओला असेपर्यंत मऊ असतो, वाळला की त्यावर आडव्या लाटा उठतात आणि सायकल शिवणयंत्रासारखी थरथरते. गिट्टी टोकदार, चाकाखालून निसटणारी. चुरी दिसायला सपाट, पण वळणावर दगा देणारी. रेतीत पुढचे चाक रुतते आणि हँडल आपणहून वळू पाहते. भूगोलाच्या माणसाने हे वर्गीकरण केले, मराठीच्या माणसाने त्याला शब्द पुरविले. आमच्या मैत्रीची ही नेहमीचीच वाटणी आहे.

प्रश्न निर्माण झाला तो बोटांमुळे. आमच्यापैकी मराठी शिकविणाऱ्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दर रविवारी दुपारी बधिर होऊ लागले. पुढे सोमवारीही. खडू सुटू लागला, उत्तरपत्रिकांवरील आकडे वाकडे येऊ लागले. मनगटाच्या करंगळीकडील बाजूस एका अरुंद बोगद्यातून अल्नार नावाची नस जाते. फेलिक्स गुयॉन या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये त्या जागेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तळहाताचा तो कोपरा तासन् तास हँडलवर दाबला गेला आणि वर खालून रस्त्याचा थरकाप येत राहिला, की ती नस चेपते. हा विकार सायकलस्वारांत इतका आढळतो की वैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेळीच भार हलविला तर बहुधा बरे वाटते. दुर्लक्ष केले तर पकड कायमची दुबळी होऊ शकते. ज्याचा चरितार्थ लिहिण्यावर आहे त्याच्या दृष्टीने ही हौसेमौजेची गोष्ट उरली नव्हती. एक तर सायकल सोडायची, किंवा हात जेथे टेकतो ती जागा बदलायची.

येथे प्रथमच आम्ही हँडलकडे निरखून पाहिले. नेहमीच्या शर्यती हँडलचे खालचे वळलेले भाग सरळ खाली उतरतात. वर हातांत जितके अंतर, तितकेच खाली. नव्या प्रकारच्या हँडलमध्ये हे खालचे भाग बाहेरच्या अंगाला फाकलेले असतात. किती फाकलेले, ते अंशांत सांगतात: बारा अंश, सोळा, वीस, क्वचित त्याहूनही अधिक. वरच्या बाजूस, ब्रेकच्या लीव्हरपाशी, रुंदी चव्वेचाळीस सेंटिमीटर असेल तर खाली ती पन्नासच्या आसपास जाते. यामुळे दोन गोष्टी घडतात. खाली हात ठेवले की कोपरे बाहेर जातात, छाती मोकळी होते आणि पुढचे चाक गिट्टीवर निसटू लागले तर त्याला आवरण्यासाठी लांब तरफ हाती असते. दुसरे म्हणजे मनगटाचा कोन बदलतो. तळहाताच्या ज्या कोपऱ्यावर भार येत होता तो सरकतो. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. फाक जितकी अधिक तितके लीव्हरही तिरके होतात, आणि वरून ब्रेक धरणे तितके अवघडते. जो बहुतेक वेळ खालीच हात ठेवून चालवितो त्याला वीस-पंचवीस अंश सोयीचे. जो वर-खाली करीत राहतो त्याला बारा ते सोळा पुरेत. बधिर होणाऱ्या हाताला मुख्य औषध जागा बदलत राहणे हेच असल्यामुळे सोळा अंशांवर आमचे एकमत लवकर झाले.

बैलाच्या शिंगांची उपमा सुचली होती, पण भूगोलवाल्याने ती नाकारली आणि शिंगांऐवजी जुवाकडे बोट दाखविले. त्याचे म्हणणे असे, की हँडल हे वस्तुतः जू आहे. यंत्र आणि शरीर जेथे एकमेकांस भेटतात ती ही जागा. गाडी कितीही सुबक असो, जू चुकीचे असेल तर बैलाचा खांदा सोलवटतो, आणि खांदा सोलवटलेला बैल गाडी ओढीत नाही. आपल्या शेतकऱ्याने हे जाणले होते, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. त्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग नाही की पाठीवर झूल नाही. त्याचा खांदा तेवढा हळद-लोण्याने शेकायचा. सणाचा मान आधी त्या जागेला, जेथे ओझे टेकते. हा युक्तिवाद आम्हां दोघांनाही पटला, आणि त्याने पुढच्या सगळ्या चर्चेचे माप ठरविले.

वाद पेटला तो धातूवरून, किंवा खरे तर धातू नसण्यावरून. फाकलेले हँडल अ‍ॅल्युमिनियमचे मिळते आणि कार्बनचेही. कार्बनचे हँडल हलके, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर फरक. त्याला घडविताना हवे तेथे चपटे, हवे तेथे गोल करता येते, म्हणून तळहाताला ते अधिक मानवते. आणि बारीक थरथर ते काहीसे गिळते, असे सांगतात. किंमत मात्र एखाद्या साध्या नव्या सायकलीहून अधिक. आमच्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून आठवीच्या पुढच्या मुली चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेला जातात. त्यांतील एकीच्या आख्ख्या वाहनाहून महाग असा एक वाकडा दांडा आपण विकत घ्यावा काय, हा प्रश्न आमच्या मनात होताच. परंतु तेवढ्याने निकाल लागत नाही. आम्ही पुस्तकेही विकत घेतो, आणि त्यांचा हिशेब कोणी असा मांडला तर आम्हांला आवडणार नाही.

मराठीवाल्याचा ओढा कार्बनकडे होता, आणि त्याचे कारण निव्वळ बोटे हे नव्हते. कार्बन म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांतला कर्ब. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला कर्बाचे अप्रूप नाही. तो त्याच्या पायाखाली आहे. ब्रिटिश अमदानीत वरोऱ्याला कोळसा निघाला, पुढे बल्लारपूर, माजरी, घुग्गुस, दुर्गापूर ही सारी नावे खाणींची झाली, आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. हँडलमधील कर्ब मात्र खाणीतला नव्हे. तो तंतूंचा असतो, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. स्वेटरसाठी वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकच्याच जातीचा धागा घेऊन, हवा लागू न देता हजार अंशांपलीकडे भाजला, की त्यातील बाकी सारे उडून जाते आणि कर्बाचा ताठ तंतू उरतो. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी असे बळकट तंतू प्रथम पाहिले, १९६०च्या आसपास जपानात अकिओ शिंदो यांनी अ‍ॅक्रिलिकपासून ते बनविण्याची वाट काढली, आणि १९६३ मध्ये इंग्लंडातील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेने त्यांना खरी ताकद आणून दिली. रीत मात्र कोळशाच्या भट्टीचीच आहे: जाळायचे, पण जळू द्यायचे नाही.

या कथेला आणखी मागे नेले की ती थेट बांबूच्या बेटात जाते. १८७९ मध्ये एडिसनने विजेच्या दिव्यात कोळसविलेला सुती दोरा वापरला होता. १८८०पासून त्याने कोळसविलेला बांबू वापरला. जगभरातून वनस्पती मागवून तपासल्यावर त्याला जपानात क्योतोजवळच्या यावाता येथील बांबू सर्वांत टिकाऊ आढळला, आणि त्याच्या तंतूचा दिवा हजार तासांहून अधिक जळला. म्हणजे कर्बाच्या पहिल्या उपयोगी तंतूंपैकी एक बांबूचा होता. मानवेल आणि कटांग यांच्या मुलुखात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळली तर त्याचे मन कार्बनकडे झुकणारच.

शिवाय रचनेचे साम्य. बांबू उभ्या धाग्यांचा असतो; लांबीत अतिशय बळकट, पण कोयत्याचा एक घाव बसला की सरळ चिरत जातो. म्हणूनच बुरड त्याच्या कामट्या काढून त्या उभ्या-आडव्या विणतो. सूप, टोपली, ताट्या हे सारे बांबूच्या एका उणिवेवर दिलेले उत्तर आहे. कार्बनचे हँडल घडविणाराही नेमके हेच करतो: तंतूंचे थर निरनिराळ्या कोनांत एकावर एक मांडतो आणि राळेने जखडतो, कारण एकाच दिशेने लावलेला कर्बही बांबूसारखाच चिरतो. बुरडाचे सूप आणि परदेशी कारखान्यातील हँडल यांचे व्याकरण एक आहे, असे मराठीवाला म्हणाला. हे वाक्य चांगले आहे, पण वाक्य चांगले असणे हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही, असे भूगोलवाल्याने उत्तर दिले.

आणि मग तो बांबूची दुसरी गोष्ट सांगू लागला. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ची. कित्येक दशके या रानांतला बांबू तिच्याकडे गेला. आपण ज्या कागदावर कविता वाचल्या, परीक्षा दिल्या, त्यात आपल्याच जिल्ह्याचा बांबू नव्हता असे आपल्यापैकी कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. त्याच काळात रानातल्या माणसाला तो तोडण्याचा हक्क नव्हता. १९२७च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बसविले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते गवत. झाड की गवत हा वर्गात हसत सोडून देण्याजोगा शब्दच्छल वाटेल, पण त्या एका शब्दावर बांबू कोणाचा हे ठरत होते. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात गणले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने एप्रिल २०११पर्यंत ग्रामसभेच्या हाती आले नाहीत. ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. नाव नसलेल्या वस्तूविषयी आपण विचार करीत नाही, हे आमचे वर्गातले विधान म्हणून अर्धेच खरे आहे. कधी कधी चुकीचे नाव दिल्यामुळे वस्तू हातची जाते.

भूगोलवाल्याचा रोख असा होता, की या जिल्ह्यातून कर्ब सतत बाहेर जातो, कोळसा म्हणून, लाकूड म्हणून, बांबू म्हणून. आणि परत येतो तो फार महाग होऊन. त्यावर मराठीवाल्याने विचारले, की मग अ‍ॅल्युमिनियमचे काय? तेही कोणाच्या तरी डोंगरातल्या बॉक्साइटपासूनच होते. या प्रश्नाला उत्तर नव्हते. निर्मळ हँडल जगात नाही, एवढे मान्य करून आम्ही पुन्हा जुवाच्या मापाकडे आलो: शरीराला काय हवे, आणि या रस्त्यांवर काय टिकेल?

शरीराचे उत्तर अनपेक्षित निघाले. थरथर कमी करण्यात हँडलच्या घडणीचा वाटा लहान आणि टायरमधल्या हवेचा वाटा मोठा असतो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमधील हवा थोडी उतरविली, हँडलवर जाड टेप गुंडाळली आणि खालच्या-वरच्या जागांत हात फिरवीत राहिले, तर कार्बनने दिलेला लाभ फारसा उरत नाही. बोटांना हवी होती ती फाक, कर्ब नव्हे. 

टिकण्याचे उत्तर इतके सोपे नव्हते. चांगले कार्बन हँडल दुबळे नसते. त्याच कसोट्यांतून ते जाते आणि वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांना अनेकदा अ‍ॅल्युमिनियमहून अधिक सोसते. पण पडझडीत त्याच्या थरांच्या आत इजा झाली तर ती बाहेरून दिसेलच असे नाही, आणि पुढे ते मोडले तर एकाएकी मोडते. अ‍ॅल्युमिनियम वाकते किंवा खोक पडते, आणि बहुधा ते दिसते. बहुधाच, कारण त्याचाही एक छुपा शत्रू आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हातांतून निथळणारा घाम टेपखाली मुरतो आणि त्यातील मीठ अ‍ॅल्युमिनियमला आतल्या आत खाते. कर्बाला घामाचे भय नाही. म्हणजे दोन्ही वस्तू आपले दुखणे झाकतात. एक पडल्यानंतर, दुसरी रोज थोडे थोडे.

तोल ज्याने फिरला ते कारण पुस्तकी नव्हते. कार्बनच्या हँडलचे स्क्रू आवळताना जोर मोजावा लागतो, बहुतेकदा पाच न्यूटन-मीटर, आणि त्यासाठी मापाचा पाना लागतो. त्याहून अधिक आवळले तर नळी चिरडते. आमच्या वाटेवरच्या गावांत पंक्चरची दुकाने आहेत. एक पंप, पाण्याचे घमेले, पान्यांचा डबा आणि कारागिराचे मनगट, एवढ्यावर ती चालतात. त्या मनगटाला घट्ट म्हणजे किती ते कळते, पण ते लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हिशेबाने. कार्बनचे हँडल लावले म्हणजे त्या प्रत्येक कारागिराला 'हात लावू नका' असे सांगणे आले. तीस किलोमीटरवर, जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे ज्याच्या मदतीवर आपण विसंबून आहोत त्यालाच आपण आपल्या वाहनाबाहेर काढणार. हँडल ही हाताची वस्तू. ती एकाच हाताची करून टाकावी काय, असा हा प्रश्न होता, आणि मराठीवाला त्यावर बराच वेळ गप्प राहिला.

मेंढ्याच्या ग्रामसभेची एक रीत प्रसिद्ध आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेस येतो. दोघांच्या सभेत बहुमत संभवतच नाही, त्यामुळे आम्हांला ही रीत पत्करणे भागच होते. पण तिच्यातील एक बारकावा आम्हांला या निमित्ताने समजला. सहमत होणे म्हणजे पटणे नव्हे. ज्याला पटलेले नाही त्याने 'माझी हरकत नाही' असे म्हणणे, आणि ते म्हणेपर्यंत दुसऱ्याने थांबणे, हे सहमतीत येते. आमच्या सभेला यासाठी तीन रविवार लागले. दोघांच्याही सायकलींना चव्वेचाळीस सेंटिमीटर रुंदीची, सोळा अंश फाकलेली अ‍ॅल्युमिनियमची हँडले बसली. 

सहमतीत एक अट मराठीवाल्याने घातली आहे. दर वर्षी खांदशेकणीच्या दिवशी दोन्ही हँडलांवरची टेप सोडायची, धातू ओल्या फडक्याने पुसायचा, कोठे पांढरे चट्टे किंवा बारीक रेघ आली आहे का ते उजेडात पाहायचे, आणि शंका आली तर हँडल बदलायचे. बोटांची बधिरता सध्या सोमवारपर्यंत टिकत नाही. खडू हातात राहतो. कार्बनचा विषय अजून संपलेला नाही, असे तो अधूनमधून सांगतो, आणि चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१४पासून आहे याची आठवण देतो. न्यूझीलंडात बांबूच्या पट्ट्या चिकटवून हँडले करतात, हेही त्याला ठाऊक आहे. मानवेलीच्या कामट्यांचे, राळेत जखडलेले, सोळा अंश फाकलेले हँडल येथे कोणी घडविले, तर त्याला आपल्या भाषेत नाव देण्याचे काम तो आनंदाने करील. भूगोलवाल्याचे म्हणणे एवढेच, की ते आवळायला पंक्चरच्या दुकानातला पाना चालला पाहिजे.